गाणारा मध्ये बसत नाही

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

रज्जाक,

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. धारूरच्या बाजारात तुझ्याविषयी जे बोलायचे ते लोकांनी बोलून घेतले आहे. रेडिओचा असा कारागीर पुन्हा होणे नाही, असे सगळे म्हणाले.  मातीला आलो, तीन मुठी माती दिली, घरी येऊन आंघोळ केली. कुसुम रडत होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही. मी जेवलो.

पहिल्यांदा हे लिहितो, कारण ते खरे आहे. माझी पत्नी तुझ्यासाठी एवढी रडली याचा मला हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा हेवा करणे शोभत नाही. तो जिवंत असतानाही शोभत नव्हते आणि मी सात वर्षे करत होतो. गैरसमज नको. मला संशय कधीच नव्हता. संशय असता तर विचारून मोकळा झालो असतो. मत्सरात विचारायला काही नसते.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. मी वीज खात्यात कनिष्ठ अभियंता होतो आणि नारायणगडाच्या यात्रेत मंडपाच्या जोडणीची जबाबदारी माझ्यावर होती. भोंगे तुझे होते. कीर्तन चालू होते आणि मधल्या रांगेतला एक म्हातारा दोन्ही हातांनी डोके धरून बसला होता. तू मंडपात शिरलास, त्याच्या शेजारी उकिडवा बसून क्षणभर ऐकलेस, मग शिडी लावून एका भोंग्याच्या दोन तारा उलटसुलट केल्यास. म्हाताऱ्याने डोक्यावरचे हात काढले. खाली उतरून तू मला म्हणालास, "दोन भोंगे एकमेकाच्या इरुद्ध ढकलाय लागले, साहेब, की मधल्या मानसाचं डोकं उठतंय. बायका तर उठूनच जातेत."

मी मान डोलावली. हे विद्युत अभियंत्याला शिकवावे लागत नाही, एवढेच माझ्या मनात आले.

निवृत्तीनंतर मी एकच चैन केली. उत्तम ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. दुपारी चारचा चहा झाला की कुसुम आणि मी दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर बसत असू. तासभर. आलाप चालू असताना ती पदरही सावरत नसे. आमच्या संसारात बोलणे थोडे. हा एक तास आम्ही न बोलता एका खोलीत असू. बाकीचे न बोलणे वेगवेगळ्या खोल्यांत होई.

सात वर्षांपूर्वी घराला रंग दिला. त्याच सुमारास तबकड्या कपाटात गेल्या आणि इंटरनेटवरून गाणे ऐकण्याची व्यवस्था मी करून घेतली. पुण्याहून स्ट्रीमर मागवला, म्हणजे नेटवरचे गाणे ॲम्प्लिफायरला पोचवणारे यंत्र. ॲपची सर्वांत वरची वर्गणी भरली, मूळ ध्वनिमुद्रणाइतका आवाज देणारी. पहिल्या दुपारी कुसुम दहा मिनिटे बसली आणि कपाळ चोळत उठली.

"डोकं धरल्यासारखं होतंय हो."

"हा शुद्ध आवाज आहे. तुझ्या कानाला सवय नाही."

"असंल," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे बसली. आठवडाभरात तिची खुर्ची रिकामी राहू लागली. महिन्याभरात मी तिच्यावर वर्तमानपत्रे ठेवू लागलो.

नंतर ती गुरुवारी तुझ्या घरी जाऊ लागली. निमित्त गोधड्यांचे होते. तुझी जैबूनभाभी आणि ती मिळून शिवत. ती परत आली की मी विचारत नसे आणि ती सांगत असे. "रज्जाकभाऊंनी आज गाणं लावलं होतं. बाई समोर बसून गातीय असं वाटलं. दोन तास कसे गेले कळलं न्हाई."

दोन तास. माझ्या खोलीत पाच मिनिटे.

तुझ्याकडे काय होते, ते मला पाठ आहे. काचेला तडा गेलेला एक जुना फोन, जो तू फक्त गाण्यासाठी ठेवला होतास आणि ज्यावर कोणाचा फोन घेत नव्हतास. काड्यापेटीएवढा एक डबा, फोनमधले आकडे घेऊन त्यांचा आवाज करून ॲम्प्लिफायरला देणारा. ॲम्प्लिफायर मोडीत निघालेल्या टुरिंग टॉकीजचा. स्पीकरच्या पेट्या तू स्वतः आंब्याच्या लाकडातून केलेल्या. ॲप माझे तेच तुझे. गाणे तेच, गायिका तीच. माझ्याकडचे प्रत्येक यंत्र तुझ्याकडच्यापेक्षा चांगले होते. हे मी गर्वाने म्हणत नाही. ते कागदावर तपासता येईल.

मी नवीन काही आणले की तुला बोलावत असे. ऐकायला नव्हे, ऐकवायला. तू चप्पल बाहेर काढून येत असस, खुर्चीच्या कडेवर बसत असस आणि डोळे मिटत असस. एकदा मी चांदीचा मुलामा दिलेल्या तारा आणल्या होत्या.

"लई भारी, साहेब. महाग असंल."

"आवाजाबद्दल बोल."

"तार झ्याक हाय."

आत कुसुम हसली. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुझ्या बाजूचे हसणे होते ते.

तू शिकवत नव्हतास, पण विचारले तर सांगत असस. मी विचारत नसे म्हणून कुसुमला सांगत असस आणि ते माझ्यापर्यंत पोचत असे. फोन हवेतून, म्हणजे ब्लूटूथने, जोडू नये. "हवेतनं पाठवलं की निम्मं वाटंतच सांडतंय." फोनचा आवाज पूर्ण ठेवावा, कमीजास्त करायचे ते ॲम्प्लिफायरवर करावे. सगळी गाणी एका पातळीवर आणणारी ॲपमधली सोय बंद ठेवावी. "ती सोय म्हंजी सगळ्या गावाला एकाच मापाचं धोतर." ऐकण्याच्या दर्जाची निवड एकदा वायफायसाठी आणि एकदा मोबाइलच्या डेटासाठी, अशी दोनदा करावी लागते, हेही मला कुसुमकडून कळले. तोपर्यंत वर्षभर, वायफाय गेले की मी सर्वांत हलका आवाज सर्वांत महाग यंत्रातून ऐकत होतो. सगळे मी गुपचूप बदलले. काही फरक पडला. गाणे अधिक स्वच्छ झाले. कुसुम आली नाही.

आपला वादही इथलाच. माझे म्हणणे होते की तबकडी ती तबकडी, इंटरनेटच्या ढगातून येणारे गाणे उसने. तू म्हणायचास, "साहेब, पानी कोन्च्या धरनाचं हाय ते इचारू नका. नळ बघा." मी धरणावर बोलत राहिलो. तू दर वेळी नळावर आणून सोडत होतास. चार वर्षे हा वाद चालला. आता माझी बाजू ऐकायला कोणी नाही, म्हणजे मी जिंकलो असे समजायचे का, तेवढे सांग.

आणि ते वाक्य. तू ते माझ्या दिवाणखान्यात पहिल्यांदा आलास तेव्हाच बोललास, मी तुला स्ट्रीमर दाखवला त्या दिवशी. पाच मिनिटे ऐकून डोळे उघडलेस आणि म्हणालास, "साहेब, तुमच्या खोलीत गानारा मधी बसत न्हाई."

"म्हणजे?"

"सगळीकडं हाय आन् कुठंच न्हाई. एक डाव पेट्यांच्या मागं बघू का?"

"चाळीस वर्षे तारा जोडल्या आहेत मी, रज्जाक. उभ्या तालुक्याच्या जोडल्या आहेत. दोन तारा मला शिकवू नकोस."

"तसं न्हाई, साहेब."

तुझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि परत आला. मला वाटले, विडी. माझ्या दिवाणखान्यात विडी चालत नाही हे तुला आठवले असावे, असे मी धरून चाललो. त्यानंतर तू जितक्यांदा आलास तितक्यांदा निघताना उंबऱ्याशी थांबून तेच विचारलेस. "बघू का मागं?" तितक्यांदा मी नको म्हणालो. पुढे पुढे तू फक्त माझ्याकडे पाहत असस आणि मी फक्त मान हलवत असे. आणि दर वेळी हात खिशाकडे.

माझ्याकडूनही एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी वारा सुटला, कुसुमला न्यायला मी स्वतः आलो. तुझ्या घरी त्यापूर्वी गाणे चालू असताना मी कधी पाऊल टाकले नव्हते. दार उघडे होते. दोघी बायका खाली बसून टाके घालत होत्या, तू भिंतीला टेकून होतास. आणि दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, जिथे कोणी नव्हते, तिथे एक बाई बसून भीमपलास गात होती. तिने श्वास घेतला तो मला दिसला. कानांनी दिसला, असे म्हणतो. दुसरा शब्द नाही.

तिच्या मागे भिंतीवर गोधडी टांगलेली होती. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. त्या गोधडीत माझी खाकी पँट होती. माझे दोन निळे शर्टही होते. माझ्या घरचे कपडे, माझ्या पत्नीने शिवलेले, तुझ्या गाण्याच्या पाठीशी उभे. कुसुमने मला एकदा विचारले होते, आपल्याकडे अशी टांगू का. मी म्हणालो होतो, दिवाणखान्यात गोधडी टांगत नाहीत.

तू उठलास. "या साहेब. कसं वाटतंय?"

मी म्हणालो, "आवाज थोडा मोठा आहे."

तू लगेच कमी केलास. इतका कमी केलास की ती बाई उठून गेली. कुसुमने माझ्याकडे पाहिले, सुई गोधडीत खोवली आणि चप्पल घातली.  रज्जाक, आवाज मोठा नव्हता. तो अगदी बरोबर होता. हे मी त्या दिवशी म्हणायला हवे होते. आज म्हणतो, तुझ्या उपयोगाचे नाही तरी.

काल मी जैबूनभाभींना भेटायला आलो. कुसुम सोबत होती. फोन बंद होता, पेट्यांवर धुतलेली चादर टाकली होती. गाणे लावा असे त्या घरात कोण म्हणणार? मी तुझ्या कामाच्या टेबलाशी उभा राहिलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी दर वर्षी तुझ्या कातरीला झेंडूचे फूल आणून घालत असे. यंदाचे फूल वाळून तिथेच होते. त्याच्या शेजारी एक पेन्सिल सेल होता. त्याच्या दोन टोकांना चिकटपट्टीने दोन तारा लावलेल्या, एक लाल, एक काळी. वीतभर लांब. नीट गुंडाळलेल्या.

हे कशाचे ते मला विचारावे लागले नाही. स्पीकरच्या तारांना असा सेल क्षणभर टेकवला की आतला कागदी पडदा हलतो. बाहेर आला तर जोडणी सुलट, आत गेला तर उलट. भोंगेवाले आणि रेडिओवाले हेच करतात.

भाभी मागे येऊन उभ्या राहिल्या. "ते तुमचं हाय, साब."

"माझे?"

"तुमच्या घरी निघाले की खिशात घालायचे. आले की हितंच ठेवायचे. मी इचारायची, दाखवलं का साबला? म्हनायचे, आज न्हाई. दिवाळीच्या टायमाला सेल उतरला तर नवा आनून लावला. म्या म्हनलं, कावून नवा लावताव, ते काय तुमाला हात लावू देनार हायेत? तर म्हनले, अगं, कवातरी हो म्हनतील की."

कुसुमने पदर तोंडाला लावला. मी सेल उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. तुला विडीचे व्यसनच नव्हते, हे भाभींनीच सांगितले. मी न विचारता.

आता रात्रीचे आठ वाजले आहेत. सकाळी लिहायला बसलो तेव्हा हा सेल टेबलावर ठेवून बसलो होतो. आणखी लिहिण्यापूर्वी एक काम केले. ते काय झाले ते क्रमाने लिहितो.

ॲम्प्लिफायर बंद केला. दोन्ही पेट्यांच्या तारा त्याच्या मागून सोडवल्या. पेट्यांसमोरचे कापडी झाकण काढले. डाव्या पेटीच्या तारांना सेल टेकवला. लालला लाल, काळ्याला काळी. पडदा बाहेर आला. उजव्या पेटीच्या तारांना टेकवला. आत गेला. मी पुन्हा टेकवला. पुन्हा आत गेला. सहा वेळा केले. सेल तुझा होता, खोटे बोलण्याचे त्याला कारण नव्हते.

पेटी फिरवली. मागे दोन स्क्रू असतात. कारखान्यातून एकाच्या शेजारी लाल ठिपका येतो, लाल तार तिथे लावायची. खालच्या स्क्रूशी ठळक लाल ठिपका होता आणि माझी लाल तार तिथेच होती. मी नखाने खरवडले. ठिपका नखाला आला. वास घेतला. तेलात कालवलेले कुंकू.

माझेच बोट ते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा मी करतो. समोरच्या कापडाला डाग पडू नये म्हणून पेट्यांना कुंकू मागच्या बाजूने लावतो. तेवढा व्यवस्थितपणा माझ्यात आहे. घर रंगवायच्या आधीच्या पूजेत ते बोट उजव्या पेटीच्या चुकीच्या स्क्रूशी टेकले असणार. रंगकाम संपल्यावर लाल बघून मी लाल तार जोडली. खरा ठिपका वरच्या स्क्रूशी होता, धुळीखाली, फिका. एक पेटी ढकलत होती तेव्हा दुसरी ओढत होती. मध्ये कुसुमची खुर्ची.

बायका तर उठूनच जातात, हे तू मला नारायणगडावर सांगितले होतेस. मी मान डोलावली होती.

सात वर्षे मी तिला तुझ्या घरी घालवत होतो, रज्जाक, आणि तू तिला नेलेस म्हणून तुझ्यावर जळत होतो. तू एकदाही कुसुमला सांगितले नाहीस की साहेबांच्या तारा उलट्या आहेत. सांगितले असतेस तर तिने रात्रीच्या जेवणात मला वाढले असते. तू माझी अब्रू खिशात घालून हिंडलास आणि ती उतरली की नवी घातलीस. याबद्दल मी आभार मानायला हवेत. मानतो. पण तेवढ्याने माझा मत्सर गेला असे समजू नकोस. उलट आता जास्त आहे. माझ्यासारख्या माणसाशी एवढ्या सबुरीने वागणे मला स्वतःला कधी जमले नाही.

तारा बदलल्या. स्क्रू आवळले. फोन वायफायवर आहे हे पाहिले, आवाज पूर्ण ठेवला आणि भीमपलास लावला. दुपारचे साडेतीन झाले होते, वेळ त्याचीच होती. खुर्चीवर बसलो नाही, उभाच राहिलो.

पहिला सा लागला आणि आतून कुसुमने हाक मारली.

"कोण आलंय हो?"

 ती हात पुसत दाराशी आली. डोक्यावरून पदर घेतला होता, पाहुण्यासाठी घेतात तसा. तिने दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. गायिकेने श्वास घेतला.

कुसुम हळू आवाजात म्हणाली, "रज्जाकभाऊंनी नीट केलं का?"

तू नाहीस हे तिला माहीत होते. तिने पाणी दिले होते तुझ्या घरच्यांना. तरी तिच्या तोंडून तेच आले. माझ्या खोलीत, माझ्या हातांनी, माझ्या तारांवर. मला सांगता आले असते की मी केले. ते खोटेही नव्हते.

मी म्हणालो, "हो. त्यानेच."

तिच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे मी उचलली. ती बसली. कपाळाला हात लावला नाही. बंदिश संपेपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. मध्ये बसलेली बाई गात होती. अजूनही भिंतीवरून थोडा आवाज परत येतो, हे मला ऐकू आले. तुला पहिल्या मिनिटाला आले असते.

गाणे थांबल्यावर कुसुमला विचारले, "ट्रंकेत एखादी गोधडी आहे का?"

"हाय की. कावून?"

सहा वाजता शिडी आणली आणि पेट्यांच्या मागच्या भिंतीत दोन खिळे ठोकले.